हँडली पेज ओ/१०० चा पहिला नमुना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा विषय निघाला की गप्पा लढाऊ विमानांकडे आणि त्यांच्या नावाजलेल्या वैमानिकांकडे वळतात. मला मात्र गेली कित्येक वर्षे ओढ आहे ती १४५५ या क्रमांकाच्या एका अवजड, संथ बॉम्बरची. हँडली पेज कंपनीने बांधलेला ओ/१०० चा हा पहिला नमुना. त्याच्यात जे जे बिघडले त्यातून विमानशास्त्राला फार मोठे धडे मिळाले, आणि त्यातला एक धडा आजही प्रत्येक विमानाच्या आराखड्यात पाळला जातो. वाचक मंडळी जे प्रश्न वरचेवर विचारतात त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

हे विमान कोणी, कोणासाठी बांधले?

फ्रेडरिक हँडली पेज यांनी १९०९ साली विमाने बांधण्याची कंपनी काढली आणि १९१२ मध्ये कारखाना लंडनच्या क्रिकलवुड भागात नेला. त्या कंपनीने हे विमान ब्रिटिश आरमाराच्या हवाई शाखेसाठी, म्हणजे रॉयल नेव्हल एअर सर्व्हिससाठी बांधले. मुख्य आराखडा जॉर्ज व्होल्कर्ट यांचा. डिसेंबर १९१४ च्या अखेरीस चार नमुन्यांची मागणी नोंदवली गेली आणि १७ डिसेंबर १९१५ रोजी पहिला नमुना उडाला. एवढे मोठे विमान ब्रिटनमध्ये त्याआधी कोणी बांधले नव्हते. तरीही कागदापासून आकाशापर्यंतचा प्रवास एका वर्षाच्या आत झाला.

आरमाराला बॉम्बर कशाला हवे होते?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या आकाशाची राखण आरमाराकडे होती, आणि तेव्हाची सर्वांत मोठी धास्ती होती जर्मनीच्या झेपेलिनची, म्हणजे हलक्या वायूने भरलेल्या अवाढव्य हवाई जहाजांची. हवेत उंचावरून जाणारे झेपेलिन गाठणे कठीण, म्हणून ते ज्या शेडमध्ये ठेवतात तिथेच जाऊन मारायचे असे ठरले.

२१ नोव्हेंबर १९१४ रोजी तीन ॲव्हरो ५०४ विमाने फ्रान्समधल्या बेल्फोर्टहून निघून बोडन सरोवराच्या काठावर, जर्मनीतल्या फ्रीड्रिक्सहाफेन इथल्या झेपेलिनच्या शेडपर्यंत गेली. धाडस विलक्षण होते. पण प्रत्येक विमानाजवळ बॉम्ब किती? वीस-वीस पौंडांचे चार, म्हणजे सगळे मिळून जेमतेम ३६ किलो. एवढा जीव धोक्यात घालायचा आणि दुधाची तहान ताकावर भागवायची, हे आरमाराच्या हवाई विभागाला पटण्यासारखे नव्हते. विभागाचे प्रमुख मरे स्यूटर यांनी हँडली पेज यांच्याकडे खूप मोठ्या विमानाची मागणी केली. शत्रूला पार लुळे करून टाकणारे विमान पाठवा, असा निरोप बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या आघाडीवरून आरमाराच्या हवाई शाखेतले अधिकारी चार्ल्स सॅमसन यांनी धाडला होता आणि तिथून हे सगळे सुरू झाले, असे सांगितले जाते.

त्या तीन ॲव्हरो विमानांपैकी एक जॉन बॅबिंग्टन चालवत होते. पुढे १४५५ चे पहिले उड्डाण त्यांनीच केले. ३६ किलो बॉम्ब घेऊन शत्रूच्या मुलखात जाऊन आलेल्या माणसानेच हे नवे विमान पहिल्यांदा उचलले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नव्या विमानाची गरज त्यांना कोणी समजावून सांगायची वेळच नव्हती.

नावातल्या १०० चा अर्थ काय? मग ओ/४०० चे पंख ४०० फुटांचे होते का?

ओ हे कंपनीच्या आराखड्याचे अक्षर, आणि १०० म्हणजे वरच्या पंखाचा फुटांतला विस्तार, साधारण साडेतीस मीटर. ओ/४०० हे त्याच विमानाचे सुधारलेले रूप. त्याचे पंखही १०० फुटांचेच होते, त्यामुळे ४०० चा पंखांच्या मापाशी संबंध नाही.

दोन इंजिने का?

कारण एवढे ओझे उचलेल असे एकच इंजिन तेव्हा नव्हते. दुसरा फायदा असा की इंजिने दोन्ही बाजूंच्या पंखांमध्ये गेल्याने विमानाचे नाक मोकळे राहिले. तिथे मशीनगन चालवणारा आणि बॉम्बचा नेम धरणारा बसू शकला.

आधी १५० अश्वशक्तीची सनबीम इंजिने बसवायचा विचार होता. पण वजनाचा हिशेब जमेना आणि घोडे अडले ते इथेच. त्याच सुमारास रोल्स-रॉइस कंपनी आरमारासाठी विमानाचे नवे इंजिन तयार करत होती. तोवर ही कंपनी मोटारींसाठी ओळखली जायची. बारा सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे, सुमारे वीस लिटर क्षमतेचे आणि २५० अश्वशक्तीच्या वर्गातले हे इंजिन पुढे ईगल या नावाने प्रसिद्ध झाले. ओ/१०० मध्ये ईगल बसले आणि दोघांचे नशीब बांधले गेले. डावीकडचा आणि उजवीकडचा प्रोपेलर एकमेकांच्या उलट दिशेने फिरत, म्हणजे विमान एका बाजूला ओढले जात नसे.

एकाच्या वर एक असे दोन पंख का?

त्या काळी विमानाचा सांगाडा लाकडाचा आणि वरून कापड असे. हलका स्प्रूस वापरायचा, त्यावर लिननचे कापड ताणायचे आणि कापड घट्ट बसावे म्हणून वरून डोप नावाचा लेप द्यायचा. अशा पातळ पंखाला एकट्याने वजन पेलवत नाही. दोन पंख वर-खाली ठेवले, मध्ये उभे खांब दिले आणि तिरक्या तारा ताणल्या की पुलाच्या कैचीसारखी मजबूत चौकट तयार होते, तीही कमी वजनात.

ओ/१०० चे पूर्ण भरलेले वजन सुमारे ६,३५० किलो होते आणि पंखांचे क्षेत्रफळ १५३ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण ४१ किलो भार. भार इतका कमी असल्याने विमान कमी वेगातही हवेत तरंगायचे आणि गवताच्या मैदानावर उतरायचे. त्याची किंमत वेगात मोजावी लागली. खांब आणि तारा हवेला अडवतात, त्यामुळे ओ/१०० चा कमाल वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपासच राहिला.

एवढे मोठे विमान ठेवायचे कुठे?

पंख मागे दुमडायची सोय होती. आरमाराने ती अट सुरुवातीलाच घातली होती, कारण आघाडीवरच्या शेडमध्ये शंभर फूट रुंदीचे काही मावणार नव्हते.

या सोयीचा पहिला उपयोग मात्र उडण्याआधीच झाला. जोडणी झाल्यावर १४५५ ला हेंडनच्या विमानतळापर्यंत रस्त्याने न्यायचे होते. पंख दुमडून, रात्रीच्या वेळी, एजवेअर रोडवरून हे धूड ओढत नेले. वाटेत फांद्या आड आल्या की त्या तोडायच्या आणि पुढे सरकायचे. गुप्तता राखायची म्हणून रात्र निवडली होती. पण मध्यरात्री घराबाहेरून असे काही जाताना खिडकीचा पडदा बाजूला झाला नसेल, असे मला वाटत नाही.

पहिल्या नमुन्यात काचेची बंद खोली होती म्हणतात. ते खरे आहे का?

अगदी खरे आहे, आणि नंतरच्या विमानांची छायाचित्रे पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. १४५५ मध्ये वैमानिक उघड्यावर बसत नव्हता. त्याच्याभोवती काचा लावलेली बंद खोली होती, खाली आणि बाजूंना चिलखती पत्रा होता. इंजिनांच्या डब्यांनाही चिलखत होते. माणसांना गोळ्यांपासून वाचवावे हा त्यामागचा हेतू.

प्रत्यक्षात ही खोली टिकली नाही. ती वजनदार होती, वैमानिकाला बाहेरचे नीट दिसायला अडचण होत होती आणि चाचण्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. चिलखतही बरेच कमी केले. १४५६ या दुसऱ्या नमुन्याचे नाक लांब केले आणि बसायची जागा उघडी ठेवली. पुढची सगळी विमाने त्याच धर्तीवर बांधली गेली.

आज बंद कॉकपिटशिवाय विमानाची कल्पना करवत नाही, म्हणून काहींना हे मागे जाणे वाटते. मला तसे वाटत नाही. त्या काळी काच जड आणि ठिसूळ होती, आणि रात्री पाऊस-धुके असताना वैमानिकाचा भरवसा होता तो उघड्या डोळ्यांवर. कल्पना बरोबर होती, पण ती पेलणारे साहित्य तेव्हा उपलब्ध नव्हते.

पहिले उड्डाण कसे झाले?

हेंडनला दुपारी, अगदी थोडक्यात. बॅबिंग्टन यांच्यासोबत अर्नेस्ट स्टेडमन होते. विमान जमिनीवरून उचलले, सरळ रेषेत थोडे अंतर उडाले आणि उतरले. नव्या विमानाच्या बाबतीत तेव्हाची पद्धतच ती होती. पुढच्या उड्डाणांत एकेक दुखणे वर येऊ लागले. वेग अपेक्षेइतका मिळेना, म्हणून रेडिएटर बदलावे लागले. हवेत ताबा ठेवणाऱ्या पृष्ठभागांचा तोलही नीट नव्हता. आणि मग शेपटीचे प्रकरण उद्भवले.

शेपटीचे प्रकरण म्हणजे काय?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

वेग वाढवला की ओ/१०० ची शेपूट भयानक थरथरायची. नुसता हादरा बसायचा असे नाही, तर धडाचा मागचा भागच पिळवटायचा. ओले धोतर पिळताना एक हात इकडे आणि दुसरा तिकडे फिरतो, तसे धड एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला पिळले जायचे. आत माणसे, हातात दांडा, आणि मागे शेपूट स्वतःच्या मर्जीने फिरते आहे!

कोणालाही वाटेल तेच आधी वाटले. दोन मोठी इंजिने आहेत, त्यांचा कंप लाकडी सांगाड्यात शिरत असणार. खरे कारण शोधायचे काम फ्रेडरिक लँचेस्टर यांच्याकडे आले. मोटारी बांधणारे म्हणून त्यांचे नाव होतेच, पण पंखाला हवा कशी उचलते याबद्दलचा त्यांचा विचारही काळाच्या पुढचा होता. त्यांनी निष्कर्ष काढला की इंजिनांचा यात दोष नाही. हा कंप बाहेरून येत नसून विमान आणि हवा मिळून तो स्वतःच निर्माण करतात आणि स्वतःच वाढवतात.

ते कसे घडते ते पाहू. शेपटीच्या आडव्या पंखांना मागच्या कडेला हलणारी फळी असते. ती वर-खाली केली की विमानाचे नाक वर-खाली होते. तिला एलिव्हेटर म्हणतात. ओ/१०० मध्ये डावीकडचे आणि उजवीकडचे एलिव्हेटर एकमेकांना पक्के जोडलेले नव्हते. दोन्हींना वैमानिकाच्या दांड्यापासून आलेल्या तारा होत्या, पण त्या दोघांमध्ये थेट दुवा काही नव्हता. समजा, हवेच्या एका झोताने धड किंचित पिळले. त्यासरशी एका बाजूचे एलिव्हेटर थोडे वर गेले आणि दुसऱ्या बाजूचे खाली. आता हवा एका बाजूला शेपूट दाबते आणि दुसऱ्या बाजूला उचलते, म्हणजे पीळ आणखी वाढतो. लाकूड आणि तारा उसळी घेऊन परत फिरतात, एलिव्हेटर उलट दिशेला जातात आणि पीळ उलटा बसतो. प्रत्येक फेरीत वाहत्या हवेतून थोडी शक्ती या कंपात शिरते. वेग कमी असला तर कंप विरून जातो. एका ठरावीक वेगाच्या पुढे तो वाढतच जातो.

या प्रकाराला आज फ्लटर म्हणतात. विमानातल्या फ्लटरची नीट नोंद होऊन अभ्यास झालेले पहिले उदाहरण म्हणजे हेच विमान. लँचेस्टर यांची टिपणे १९१६ सालची आहेत, आणि त्याच वर्षी लेनर्ड बेअरस्टो आणि आर्थर फेज यांनी त्याचे गणित मांडले.

उपाय ऐकून आश्चर्य वाटते. डावे आणि उजवे एलिव्हेटर एका ताठ नळीने जोडून टाकायचे. एक वर आणि एक खाली जाण्याची वाटच बंद झाली की सगळा खेळ तिथेच थांबतो.

पण हा धडा लगेच सगळीकडे पोचला नाही. १९१७ मध्ये एअरको कंपनीच्या, जेफ्री डी हॅविलंड यांनी आराखडा केलेल्या डीएच-९ विमानाला शेपटीच्या याच दुखण्याने ग्रासले आणि त्यात माणसे मेली. तिथेही उपाय तोच होता. एका कारखान्यात कळलेले दुसऱ्या कारखान्यात वेळेवर कळले असते तर ती माणसे वाचली असती, ही रुखरुख मला हा इतिहास वाचताना प्रत्येक वेळी लागते.

बॉम्ब किती आणि कसे नेत?

११२ पौंडांचे सोळा, म्हणजे ८१० किलोंच्या आसपास. फ्रीड्रिक्सहाफेनला गेलेल्या ॲव्हरोच्या जवळजवळ बावीसपट. हे बॉम्ब पंखाखाली टांगलेले नसत, तर धडाच्या आत एकेका कप्प्यात उभे लटकवलेले असत, नाक वर आणि शेपूट खाली. तळाशी प्रत्येक कप्प्याला स्प्रिंगची झडप असे. बॉम्ब सुटला की स्वतःच्या वजनाने झडप ढकलून बाहेर पडे आणि झडप परत मिटे.

युद्धात काय केले?

सुरुवात झाली ती १६-१७ मार्च १९१७ च्या रात्री. मेत्सजवळच्या मूलाँ-ले-मेत्स रेल्वे स्थानकावर एकाच विमानाने हल्ला केला. एप्रिलमध्ये बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ जर्मन युद्धनौकांवर दिवसाढवळ्या हल्ले करून पाहिले, पण एक विमान गमावल्यावर ही संथ विमाने दिवसा पाठवायची नाहीत असे ठरले. त्यापुढे रात्रीचेच काम. रेल्वे स्थानके, बंदरे आणि विमानतळ ही मुख्य लक्ष्ये.

एक विमान मात्र थेट एजियन समुद्रातल्या मुद्रोस तळापर्यंत उडत गेले. केनेथ सेव्हरी यांनी ते १९१७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडहून तिथे नेले आणि जुलैत त्याने कॉन्स्टँटिनोपलवर, आजच्या इस्तंबूलवर, बॉम्ब टाकले. हेच विमान त्या वर्षी सप्टेंबरअखेर समुद्रात उतरवावे लागले आणि त्यातले लोक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यात जॉन अल्कॉक होते. जून १९१९ मध्ये आर्थर ब्राउन यांच्यासोबत व्हिकर्स व्हिमी विमानातून न थांबता अटलांटिक ओलांडणारे अल्कॉक ते हेच.

जर्मनांनी याची नक्कल करून गोथा बॉम्बर बनवले, हे खरे का?

नाही. ही कथा जन्मली ती एका खऱ्या घटनेतून. १ जानेवारी १९१७ रोजी एक कोरे करकरीत ओ/१०० वाट चुकून फ्रान्समधल्या लाँ शहराजवळ शत्रूच्या हद्दीत उतरले आणि धडधाकट अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले. त्यानंतर काही महिन्यांनी गोथा विमाने लंडनवर आली, म्हणून लोकांनी दोन्हींची सांगड घातली. पण गोथा जी-२ चा नमुना मार्च १९१६ मध्येच उडाला होता. तारखा जुळत नाहीत, तिथे वाद संपतो.

भारताशी काही संबंध आला का?

आला. सुधारित ओ/४०० मधून जनरल जेफ्री सॅमंड, ॲमियास बोर्टन आणि रॉस स्मिथ नोव्हेंबर १९१८ च्या अखेरीस कैरोहून निघाले आणि बगदाद, कराची असे टप्पे घेत डिसेंबरात कलकत्त्याला पोचले. इजिप्त ते भारत असे ते पहिले उड्डाण. रॉस स्मिथ पुढच्या वर्षी व्हिमी विमानातून इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया गेले, तेव्हाही कराची, दिल्ली, अलाहाबाद आणि कलकत्ता याच वाटेने.

याच घराण्यातले पुढचे, चार इंजिनांचे व्ही/१५०० हेही भारतात आले. २४ मे १९१९ रोजी, तिसऱ्या अफगाण युद्धात, रॉबर्ट हॅली यांनी ते सरहद्दीवरून काबूलला नेले आणि अमीर अमानुल्ला यांच्या राजवाड्यावर बॉम्ब टाकले. या विमानांचे कौतुक करताना ही नोंदही तितक्याच ठळकपणे करावी असे माझे मत आहे. खाली शहर होते आणि शहरात माणसे होती, मेत्समध्येही आणि काबूलमध्येही.

युद्धानंतर या विमानांचे काय झाले?

काहींच्या बॉम्बच्या जागी खुर्च्या आल्या. हँडली पेज ट्रान्सपोर्ट कंपनीने १९१९ मध्ये लंडन-पॅरिस प्रवासी सेवा सुरू केली. त्या वर्षी ऑक्टोबरात प्रवाशांना तीन शिलिंगांत जेवणाचा डबा मिळू लागला. विमानात विकत मिळालेले ते पहिले जेवण मानतात. १९२४ मध्ये ही कंपनी इंपीरियल एअरवेजमध्ये विलीन झाली.

आज हे विमान कुठे पाहायला मिळेल?

पूर्ण ओ/१०० किंवा ओ/४०० कुठेच उरलेले नाही. त्या पिढीचे दोन इंजिनांचे बॉम्बर डोळ्यांनी पाहायचे असेल तर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये अल्कॉक-ब्राउन यांचे व्हिमी आहे. ते आकाराने लहान असले तरी खांब, तारा आणि कापडाची कारागिरी त्यात जवळून दिसते. रॉस स्मिथ यांचे व्हिमी ऑस्ट्रेलियात ॲडिलेडला जतन केले आहे.

जुन्या छायाचित्रात ओ/१०० आणि ओ/४०० कसे ओळखायचे?

इंजिनांच्या डब्यांकडे पाहा. ओ/१०० मध्ये पेट्रोलच्या टाक्या इंजिनामागेच डब्यात होत्या, त्यामुळे डबा लांबट आणि मागे निमुळता होत गेलेला दिसतो. ओ/४०० मध्ये टाक्या धडात नेल्या आणि डबा आखूड झाला. आणि छायाचित्रात वैमानिकाभोवती काचांची बंद खोली दिसली, तर तो १४५५ आहे, तोही अगदी सुरुवातीच्या दिवसांतला.